फोटो बघायचा कसा, त्यावर बोलायचं काय

मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात काढलेला गांधीजींचा आणि चरख्याचा फोटो डोळ्यांसमोर आणा. कुठे ना कुठे तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. आता सांगा, त्यात गांधीजी काय करताहेत? बहुतेक जण बेधडक सांगतात, 'सूत कातताहेत'. पण ते सूत कातत नाहीत. चरखा पुढे आहे आणि थांबलेला आहे. गांधीजी त्याच्यामागे जमिनीवर बसून हातातले कागद वाचताहेत. चरखा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आहे आणि त्यामुळे चौकटीत इतका मोठा झाला आहे, की कातण्याची क्रिया आपण मनानेच भरून टाकतो.

दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलताना होणारी बरीचशी गडबड इथे सुरू होते. मत आधी तयार होतं, बघणं मागाहून येतं, कधीकधी येतच नाही. ग्रुपवर फोटो पडला की 'कडक', 'मस्तच सर', एक अंगठा, विषय संपला. फोटो क्लबच्या बैठकीत नेमकं उलटं घडतं. 'क्षितिज तिरकं आहे', 'उजवीकडून क्रॉप करा', 'रूल ऑफ थर्ड्स कुठे आहे?' पहिल्या प्रकारात फोटो पाहिलेला नसतो, दुसऱ्यात मनातली यादी तपासलेली असते. काढणाऱ्याच्या हाती दोन्हीकडून काहीच लागत नाही.

फोटोवर बोलण्याची एक साधी क्रमवार पद्धत आहे. टेरी बॅरेट या अमेरिकी कलाशिक्षकाने १९९० मध्ये 'क्रिटिसायझिंग फोटोग्राफ्स' या पुस्तकात ती फोटोपुरती नीट मांडली. आधी वर्णन करायचं, मग अर्थ लावायचा, मग मोल ठरवायचं. मी वर्णन आणि अर्थ यांच्या मध्ये आणखी एक पायरी घालतो, ती म्हणजे फोटो घडला कसा हे ओळखण्याची. कॅमेरा हे यंत्र आहे. त्याचं काम माहीत नसलं की आपण यंत्राच्या गुणाला माणसाची चूक म्हणतो, किंवा नुसत्या योगायोगाला प्रतिभा.

उदाहरणाला आपल्याच मुंबईचं स्थानक घेऊ. चर्चगेटचे दोन प्रसिद्ध फोटो आहेत. दोन्ही १९९५ सालचे, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत लोकलची गर्दी. एक रघु राय यांचा, दुसरा ब्राझीलच्या सेबास्टियाओ साल्गादो यांचा. इंटरनेटवर दोन्ही सहज सापडतात. पुढचं वाचण्याआधी ते समोर उघडून ठेवले तर उत्तम.

पहिली पायरी वर्णनाची. इथे विशेषणांना बंदी. 'धकाधकीचं जीवन' हे वर्णन नव्हे, तो निष्कर्ष झाला. वर्णन असं: राय यांच्या फोटोत फलाटावर वर्तमानपत्र वाचत थांबलेली माणसं स्पष्ट दिसतात, त्यांच्या भोवतीची माणसं धुरासारखी पसरली आहेत. साल्गादोंच्या फोटोत कॅमेरा उंचावर आहे, गाड्यांचे डबे स्थिर आहेत आणि त्यांच्यामधल्या फलाटावरून माणसांचा धूसर लोट वाहतो आहे. एवढं बोलायलाही मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटात नजर स्थिरावते. ही पायरी लहान मुलांकडून करवून घ्यावी. मोठ्यांना न दिसलेलं त्यांना दिसतं, कारण त्यांना अर्थाची घाई नसते.

वर्णन करताना चौकटीच्या चारही कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवायची. फोटो काढणाऱ्याचं लक्ष घाईत मधल्या विषयावर असतं. कडांवर मात्र त्याच्या नकळत अर्धा कोपर, कुणाची चप्पल, पांढऱ्या पिशवीचा तुकडा शिरलेला असतो. ज्याच्या कडा स्वच्छ आहेत, किंवा मुद्दाम अस्वच्छ ठेवल्या आहेत, तो माणूस बटण दाबताना पूर्ण चौकट पाहत होता असं समजायला हरकत नाही.

आता यंत्राकडे येऊ. माणूस फलाटावर बऱ्यापैकी वेगाने चालतो तेव्हा ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर पुढे जातो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात तो तीन मिलिमीटरही सरकत नाही. फोटोत तो जागच्या जागी गोठतो. तेच शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं तर तो जवळजवळ सत्तर सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि त्या संपूर्ण अंतरावर त्याचा ठसा विरळ होऊन उमटतो. तोच तो धूर. उभा राहून पेपर वाचणारा माणूस मात्र अर्ध्या सेकंदात फारसा हलत नाही, म्हणून स्पष्ट येतो. कॅमेऱ्याने कुणाला निवडलेलं नाही. जे थांबले ते राहिले, जे चालले ते पुसले गेले. यात फोटोग्राफरचं कर्तृत्व कोणतं? शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवणं, त्या वेळात कॅमेरा अजिबात हलू न देणं, आणि ऐन गर्दीच्या वेळीही चर्चगेटवर स्वस्थ पेपर वाचणारी माणसं असतात हे हेरून ठेवणं. पहिल्या दोन गोष्टी शिकता येतात. तिसरीसाठी फलाटावर तासन्‌तास उभं राहावं लागतं.

म्हणूनच 'फोटो हललाय' एवढ्यावर थांबू नये. धूसरपणाचे तीन प्रकार असतात आणि ते ओळखता आले की टीका निम्म्याने सुधारते. चौकटीतलं सगळंच, भिंतीही, एकाच दिशेने ओघळलेलं असेल तर हात हलला. भिंती स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर शटरच्या मानाने माणूस वेगात होता. माणूस स्थिर आहे, चेहरा पुसट आहे, पण त्याच्या मागची कडुनिंबाची पानं मोजता येताहेत, तर फोकस चुकून मागे गेला. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यात हाताला आधार किंवा जलद शटर हवं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा कमी वेळ, १०० च्या लेन्सला शंभराव्यापेक्षा कमी, असा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. दुसऱ्यात कदाचित काहीच करायला नको, उलट तो पुसटपणाच फोटोचा जीव असेल. तिसऱ्यात पुन्हा फोटो काढण्याशिवाय इलाज नाही. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमुळे हल्ली चौथा प्रकारही आला आहे. तिथे मागचा भाग लेन्सने नव्हे, हिशोबाने धूसर केलेला असतो. केसांच्या कडा आणि चष्म्याच्या दांड्या बघा, हिशोब तिथेच चुकतो.

कॅमेरा कुठे ठेवला होता हाही बघण्याचा भाग. साल्गादो वर गेले. वरून पाहिलं की चेहरे मागे पडतात, डोकी पुढे येतात, गर्दीचा आकार दिसतो. राय माणसांजवळ राहिले, त्यामुळे गर्दीतली माणसं दिसतात. एकच स्थानक, एकच साल, जवळपास एकच तंत्र, आणि फरक पडला तो मुख्यतः उभं राहण्याच्या जागेने. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे जॉन झारकोव्स्की यांनी १९६६ च्या 'द फोटोग्राफर्स आय' या पुस्तकात फोटोची पाच अंगं सांगितली: समोरची प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि कॅमेऱ्याची जागा. एखाद्या फोटोबद्दल काय बोलावं सुचेना, की यातल्या एकेका अंगाबद्दल स्वतःला प्रश्न विचारावा. हमखास काहीतरी सापडतं.

चौकटीबद्दल मात्र लोक उगाच कडक असतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो क्रॉप करत नसत, चौकट बटण दाबतानाच ठरली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पण पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो, ज्याच्यावर आजही पानंच्या पानं लिहिली जातात, तो क्रॉप केलेला आहे. त्यांनी कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो काढला होता आणि डावीकडे फळी आडवी आली होती. तेव्हा क्रॉप केलं म्हणून कुणी पाप करत नाही. प्रश्न एवढाच की कापल्याने फोटो जास्त बोलतो का.

तीच गत रूल ऑफ थर्ड्सची. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि विषय रेघांवर ठेवा, हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन टॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंबंधी लिहिताना तो मांडला. नवशिक्याला त्याचा उपयोग होतो, कारण विषय सतत मधोमध ठेवायची सवय सुटते. परीक्षकाला त्याचा उपयोग नाही. विषय मधोमध असेल तर 'नियम मोडला' म्हणण्याऐवजी मधोमध ठेवून काय मिळालं ते विचारावं. समोरासमोर पाहणारा, चौकटीला रोखून धरणारा चेहरा मधोमधच हवा असतो.

पुढची पायरी अर्थाची. फोटो एकटा फार थोडं सांगतो. बाकीचं मथळा, शेजारचे फोटो आणि छापलेली जागा सांगते. साल्गादोंचा चर्चगेटचा फोटो 'मायग्रेशन्स' या त्यांच्या २००० सालच्या ग्रंथात आहे. जगभरच्या विस्थापितांचे, निर्वासितांचे, गाव सोडून शहरात आलेल्यांचे फोटो त्याच्या आगेमागे आहेत. तिथे चर्चगेटचा लोट हा शहराकडे ओढल्या गेलेल्या माणसांचा महापूर ठरतो. तोच फोटो पश्चिम रेल्वेच्या एखाद्या पुस्तिकेत छापला असता तर प्रवासीसंख्येचा अभिमान ठरला असता. फोटो बदलला नसता. म्हणून अर्थ सांगताना 'मला यात हे दिसतं' आणि 'इथे छापल्यामुळे हे दिसतं' या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्यात.

साल्गादोंवरची सर्वांत बोचरी टीका इथेच येते. लेखिका सुझन सोनटॅग यांनी २००३ च्या 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स' मध्ये आक्षेप घेतला की या फोटोंच्या मथळ्यांत दुर्बळ माणसांची नावं नाहीत. नामवंतांना नाव मिळतं, गरिबाला फक्त त्याची अवस्था. आक्षेप फोटोच्या रचनेवर नाही, प्रकाशावर नाही, पण फोटोवरचाच आहे. त्याला वजनही आहे. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' म्हणून तो जगभर गेला. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स टॉमसन, हे जगाला कळायला १९७८ उजाडावं लागलं. त्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँग यांनी तो नंतर निगेटिव्हवर रंगकाम करून पुसट करवला. रचनेच्या दृष्टीने तो अंगठा खुपतो हे खरं. तरी माझ्या मते तो राहायला हवा होता. सरकारी खात्यासाठी केलेली ती नोंद होती आणि तंबूला आधार देणारा हात हाही नोंदीचाच भाग होता.

रंग असणं किंवा नसणं हाही अर्थाचा भाग आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुकांडानंतर एका अनोळखी बाळाचं दफन होत असताना राय यांनी कृष्णधवल फोटो काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचा सर्वोच्च सन्मान मिळाला. रंगात माती ही माती राहते, त्वचा ही त्वचा, आणि घटना काल-परवाची वाटते. कृष्णधवल फोटोत त्या बाळाच्या चेहऱ्यावरची माती निपटणारा हात आणि चेहरा एकाच करड्या छटांत येतात, आणि फोटो त्या एका दिवसापुरता राहत नाही. श्रेष्ठ कोणता असं मला कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही, कारण बातमीला एक लागतो आणि स्मरणाला दुसरा.

चर्चगेटच्या जोडीबद्दल मात्र मी निवाडा देतो, कारण मोल ठरवण्याची पायरी टाळून चालत नाही. मला राय यांचा फोटो मोठा वाटतो. साल्गादोंचा अधिक भव्य आहे, पण त्यातला माणूस पाण्याचा थेंब होऊन जातो. तो फोटो दुसऱ्या एखाद्या महानगरातही निघू शकला असता. पेपर उघडून गर्दीत स्वतःपुरती जागा करून घेणारा माणूस मुंबईचाच आहे. गर्दी आणि एकान्त एकाच चौकटीत आणण्यासाठी राय यांनी मंद शटरचा जो उपयोग केला, त्याला पर्याय नव्हता. जलद शटरने काढला असता तर तो सामान्य फोटो झाला असता. माझं मत तुम्हाला पटायला हवं असं नाही. पण ते खोडायचं तर तुम्हाला फोटोतच काहीतरी दाखवावं लागेल, आणि मतभेद तसाच व्हायला हवा.

निवाड्याची फूटपट्टी मात्र फोटोच्या जातीप्रमाणे बदलते. जाहिरातीच्या फोटोत आकाश बदललं तर बिघडत नाही, बातमीच्या फोटोत बदललं तर तो बादच. वन्यजीवांच्या फोटोत तर चौकटीबाहेर काय घडलं याला सर्वाधिक महत्त्व. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाशी संबंधित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. तो प्राणी माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना पुढे दिसली आणि २०१० च्या सुरुवातीला पुरस्कार काढून घेतला गेला. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नव्हता. आपल्याकडे स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचे फोटो असेच मोहक असतात. पिल्लांच्या उघड्या चोची, नराची लांब पांढरी शेपटी. पण घरटं मोकळं दिसावं म्हणून भोवतालच्या फांद्या कुणी बाजूला केल्या असतील तर उन्हाची आणि कावळ्यांची वाट मोकळी झालेली असते. अनेक स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणंच बंद केलं आहे. असा फोटो समोर आला की मी प्रकाश-रचनेबद्दल एक शब्दही बोलत नाही, आधी कसा काढला ते विचारतो.

आता खरा अवघड भाग. हे सगळं काढणाऱ्याला सांगायचं कसं?

समजा क्लबमधल्या एका तरुणाने वारीतला फोटो आणला आहे. दिवेघाट, वृद्ध वारकरी, कृष्णधवल, सुरकुत्या खोदल्यासारख्या उठवलेल्या. मागे पताकेची काठी थेट फेट्यातून उगवल्यासारखी दिसते. उजव्या कडेला दुसऱ्या एका फोटोग्राफरचा मोबाइल. 'वारीचे असले फोटो हजारो झाले' हे वाक्य अशा वेळी जिभेवर येतं. ते खरं असलं तरी निरुपयोगी आहे, कारण त्याने तो पोरगा पुढच्या आषाढीला काय वेगळं करणार?

आधी त्याला विचारावं, 'तुला यात काय दाखवायचं होतं?' तो म्हणाला 'बाबांचा थकवा', तर बोलणं सोपं होतं. मग आपली नजर कशी फिरली ते क्रमाने सांगावं. 'माझी नजर आधी डोळ्यांवर गेली, ते फार चांगले आलेत, ओलसर आहेत. मग ती काठीवर चढली आणि मोबाइलवर जाऊन अडकली. परत डोळ्यांकडे यायला वेळ लागला.' हे ऐकून कुणी दुखावत नाही, कारण त्यात त्याच्यावर आरोप नाही, बघणाऱ्याच्या नजरेचा वृत्तान्त आहे. त्यानंतर एक उपाय, फक्त एक, आणि तोही तिथल्या तिथे करता आला असता असा: 'अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतास तर काठी डोक्यामागून सुटली असती.' मोबाइल घरी बसून क्रॉपने जाईल, काठी जाणार नाही, हा फरकही सांगावा. सुरकुत्यांचं म्हणाल तर त्याला थकवा दाखवायचा होता आणि एडिटिंगमध्ये क्लॅरिटीची पट्टी ओढून त्याने वय दाखवलं. हे त्याच्या लक्षात आणून दिलं तर पुढच्या वेळी तो खांद्यांकडे, पायांकडे, टेकलेल्या वीणेकडेही बघेल.

'मी असतो तर' ने सुरू होणारं वाक्य शक्यतो गिळावं. तुम्ही तिथे नव्हता. आणि दहा दोष दिसले तरी दहा सांगू नयेत. माणूस एका वेळी एकच सुधारतो, उरलेल्या नऊंनी फक्त त्याचा कॅमेरा कपाटात जातो.

कौतुकालाही हाच नियम. 'अप्रतिम' शब्दाने काढणाऱ्याला बरं वाटतं, पण नेमकं काय जमलं ते कळत नाही आणि पुढच्या फोटोत तेच निसटतं. 'खिडकीचा उजेड गालाच्या एका बाजूलाच ठेवलास, दुसरी बाजू अंधारात सोडलीस, ते मला आवडलं' असं म्हटलं की तो उजेड त्याचा कायमचा झाला.

एक व्यवहाराची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. त्यावरून फोटो किती स्पष्ट आहे याबद्दल किंवा सावलीतल्या तपशिलांबद्दल काहीही बोलू नये. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, मोठ्या पडद्यावर उघडा, पडद्याचा उजेड मध्यम ठेवा आणि जमलं तर छापील प्रत मागा. तेवढी सवड नसेल तर सरळ 'रात्री बघून सांगतो' असं कळवा. फोटो काढणारे लोक तेवढी वाट आनंदाने बघतात.